तीन लाख आणि वर एक

१

"मंदे, माझ्याकडे चोरी झालीय," सुलोचना म्हणाली. "तीन लाखांची. चोर कोण ते मला माहीत आहे. तू फक्त त्याला पकडून दे."

सकाळची वेळ, माझ्या हातात पोह्यांची बशी, आणि सुलोचनाबाई दारात उभ्या. दुखरा गुडघा घेऊन माधवगंजातून चालत आली होती, रिक्षासुद्धा केली नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी तिला खुर्ची दिली, माझे पोहे दिले आणि स्वतःसाठी दुसरी बशी भरून आणली. रिकाम्या पोटी मी कोणाचं गाऱ्हाणं ऐकत नाही. आयुष्यभर दिवाणी कोर्टात वकिली केली, आता निवृत्त आहे, पण हे अजून गावात कोणाला पटलेलं नाही. भाडेकरू निघत नाही, चला मंदाताईंकडे. नळावरून भांडण झालं, चला मंदाताईंकडे. निवृत्त झाली ती फक्त माझी फी.

"चोरी झाली तर पोलिसात जा," मी म्हटलं.

"पोलिसात कशी जाऊ? चोर उमाजी आहे."

माझा चमचा बशीतच राहिला. उमाजी म्हणजे हिचा धाकटा, सख्खा, एकुलता एक भाऊ. नया बाजारात त्याचं टेंट हाउस आहे. सुलोचनाला मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. ग्वाल्हेरात रक्ताचं म्हणावं असं तिला हे एकच घर. उमाजीला तिने कडेवर घेऊन वाढवलंय, आणि तो अजूनही तिच्यासमोर खुर्चीवर बसत नाही.

"नीट सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी उमाजीच्या मुलीचं, हेमांगीचं लग्न ठरलं. जन्मभर दुसऱ्यांचे मंडप घालणाऱ्या माणसाची स्वतःच्या मुलीच्या वेळी गाडी अडली. तो हिच्याकडे आला, तीन लाख उसने द्या, सवडीने फेडतो म्हणाला. हिने दिले. बँकेत गेली, तिथल्या मुलीने हिला समोर बसवून फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं, नीट खात्री करून घेतली, आणि पैसे गेले.

इथपर्यंत मलाही माहीत होतं, कारण त्या वेळी कागद मीच लिहून दिला होता. घरच्या माणसाला पैसे द्यायचे तर कागद हवा, असं मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मला दुष्ट म्हणतात. कोणी दिले, कोणी घेतले, किती, कधीपर्यंत फेडायचे, एवढंच त्यात होतं. खाली उमाजीच्या सहीसाठी रेव्हेन्यू स्टॅम्प लावून दिला होता.

"आता सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे," सुलोचना म्हणाली. "इस्पितळात आधी पैसे भरायचेत. म्हणून काल त्याला फोन केला. म्हटलं, उमाजी, त्या पैशांचं आता बघ हं. तर म्हणतो, कसले पैसे, आक्कासाहेब?"

"मग?"

"मग काय, फोन ठेवला. त्यानंतर त्याचे दहा आले, मी उचलले नाहीत."

"ऑपरेशनचं सांगितलंस त्याला?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. चोराला माझ्या गुडघ्याशी काय करायचंय?"

"कागद कुठाय?"

"त्याच्याचकडे. सहीसाठी पाठवला होता, परत आलाच नाही. पुन्हा मागायची मला लाज वाटली. भावाच्या मागे एका सहीसाठी लागू का? आता कळलं, तेव्हाच दाबून ठेवला होता त्याने."

मग तिने बशी खाली ठेवली आणि खरं काय ते बोलली. "पैशांचं सोड. बांगड्या मोडेन, सराफा बाजार काही लांब नाही. पण त्याने मला फसवलं असेल तर मला तो नको, मंदे. आणि तो नसेल तर मला कोण आहे?"

शाळेपासून मी हिला ओळखते. नवरा गेला तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली बाई माझ्यासमोर पदराला डोळे पुसत होती. मला फार वाईट वाटलं आणि उमाजीचा चांगलाच राग आला. चप्पल घातली आणि निघाले.

२

लग्नसराईचे दिवस, त्यामुळे टेंट हाउसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाद्या, झालरी, खुर्च्यांच्या चळती, आणि मध्ये मिशीवाला, धिप्पाड उमाजी. मला पाहताच त्याने एक खुर्ची स्वतःच्या हाताने पुसली, चहा सांगितला आणि तीळ-गुळाच्या गजकचा डबा पुढे सरकवला.

"मंदाताई, बरं झालं आलात. आक्कासाहेब माझ्यावर नाराज आहेत का हो? काल फोन केला आणि मधेच ठेवून दिला. तेव्हापासून उचलत नाहीत. रविवारी दुकान बंद ठेवून जाणारच होतो."

चेहरा अगदी पडलेला होता. पण पडलेल्या चेहऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. कोर्टात ज्यांचे चेहरे सगळ्यात जास्त पडलेले असत, तेच घर गिळून बसलेले असत. मी गजक घेतला आणि आडून विचारलं, "हेमांगीच्या लग्नात सुलोचनाने काय दिलं होतं रे? मी त्या वेळी इंदूरला होते."

उमाजीचे डोळे भरून आले. माझ्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर.

"काय दिलं विचारता? माझी लाज राखली. खोटं कशाला बोलू, मी उसनेच मागितले होते. हात पसरायला गेलो होतो. आणि त्यांनी आहेर केला."

"आहेर?"

"नया बाजारात कोणालाही विचारा, सगळ्यांना सांगितलंय मी. बापाने केलं नसतं ते बहिणीने केलं."

माझा राग जरा अडखळला. पैसे दाबणारा माणूस 'मी उसने मागितले होते' हे वाक्य जिभेवर येऊ देत नाही. तो आहेरापासूनच सुरुवात करतो. आणि हा तर गावभर सांगत फिरलाय.

"पण उमाजी, उसने मागितलेले पैसे आहेर कधी झाले? ती तसं म्हणाली तुला?"

"म्हणायला कशाला हवं? त्या कधी बोलून दाखवतात का? मला रकमेवरूनच कळलं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "तीन लाख एक."

मी गजक खाली ठेवला. उसने देताना कोणी वर रुपया लावत नाही. वरचा रुपया लावला की तो आहेर, हे आपल्यातलं लहान मूलही सांगेल. पण सुलोचनाने माझ्यापाशी तीन लाख म्हटलं होतं, आणि कागदावर मी माझ्या हाताने तीन लाखच लिहिले होते. मग हा एक आला कुठून?

३

दुकानाचा हिशेब आणि बापाचा फोन, दोन्ही तरुण बघतो. तरुण हे नावच त्याचं. उमाजीचा मुलगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. दाराशी त्याची नवीकोरी बुलेट उभी होती. ती मी येतानाच पाहून ठेवली होती.

"ही कधी घेतलीस?"

"दिवाळीला, मंदा आत्या. पूरी ईएमआयवर आहे. बैठोगी क्या?"

"मला त्या वेळचे बँकेचे मेसेज दाखव. तुझ्या आत्याने पैसे पाठवले तेव्हाचे."

"इतना पुराना? रुको, बघतो." बापाच्या फोनवर तो अंगठ्याने वर वर जात राहिला. बराच वेळ गेला, चहा आला, पिऊन झाला. "हे बघा. दो मैसेज आले होते. पहले एक रुपया, फिर तीन लाख."

"आधी एक?"

"हां, आधी एक. देखो ना, वेळ पण आहे. एक रुपयाच्या थोड्या देर बाद बाकीचे."

मी चष्मा लावून खात्री केली. आता बघा, वरचा रुपया हा वरच असतो. पाकीट भरलं की शेवटी त्यावर नाणं ठेवतात. आधी एकटा रुपया पुढे पाठवून मागून आहेर पाठवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी दुकानाबाहेर येऊन सुलोचनाला फोन लावला.

"बँकेतल्या मुलीने खात्री करून घेतली म्हणालीस. म्हणजे कशी?"

"कशी म्हणजे? ती म्हणाली, आंटीजी, पहले एक रुपया डाल के देखो, नाम सही आया तो बाकी भेजना. मग मी एक टाकला. नाव बरोबर आलं, मग तीन लाख टाकले. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं, पण मला हसू आवरेना. बँकेच्या मुलीने शिकवलेला एक रुपया, आणि अडीच वर्षं उमाजी त्याला बहिणीचं काळीज समजून गावभर मिरवत होता.

पण वकिलाचं डोकं, ते तिथे थांबत नाही. रुपयाचं कोडं सुटलं, कागदाचं कुठे सुटलं? त्या कागदावर 'उसने' असं माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं. तो घरात पोचला असता तर उमाजीचा गैरसमज अर्ध्या मिनिटात मिटला असता. म्हणजे एक तर उमाजी मिशीखालून खोटं बोलत होता, किंवा त्याच्या घरातल्या कोणीतरी कागद त्याच्या आधी वाचला आणि गायब केला. बुलेट उन्हात चमकत होती.

"सुलोचना, कागद तू कोणाच्या हातात दिला होतास?"

"हातात नाही दिला," ती म्हणाली. "दुर्गाच्या ओटीत घातला."

४

ते असं झालं होतं. लग्नाआधी सुलोचनाने भावाच्या घरच्यांना केळवण केलं. उमाजी आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवून रडला. रडणाऱ्या भावापुढे स्टॅम्प लावलेला कागद काढायचा कसा? तिला ते जमलं नाही. मग आत जाऊन तिने तो कागद एका मोरपंखी ब्लाउजपिसाच्या घडीत घातला, ब्लाउजपीस परत त्याच्या पिशवीत सरकवला, कागद पडू नये म्हणून पिशवीच्या तोंडाला पिन मारली, आणि नारळ-तांदळाबरोबर दुर्गाच्या ओटीत घातला. दुर्गा म्हणजे उमाजीची बायको. ती घरी जाऊन ओटी बघेल, कागद दिसेल, आणि गुपचूप नवऱ्याची सही घेऊन पाठवून देईल, असा हिचा हिशेब.

"आणि तिला काही बोललीस?"

"बोलायचं काय त्यात? घरी गेल्यावर बघतंच माणूस."

मी कपाळावर हात मारला आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर दुर्गाकडे गेले.

दुर्गा मेथी निवडत होती. गोल चेहऱ्याची, हसरी बाई. माझ्यासाठी पाट सरकवला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, सून कशी आहे विचारलं. मी म्हटलं, "दुर्गा, हेमांगीच्या केळवणाला सुलोचनाने तुझी ओटी भरली होती. त्या ओटीचं काय झालं?"

तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं.

"वन्संनी पाठवलं तुम्हाला? हे विचारायला?"

"तिनेच."

"त्यांना कळलं का?" तिने पदराचं टोक पिळायला घेतलं. "कोणी सांगितलं?"

साक्षीदार घाबरला की वकिलाने गप्प बसावं, तो आपणच बोलतो. मनात म्हटलं, सापडली. बिचारा उमाजी. आता हे सुलोचनाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुर्गा उठली, जिन्यात डोकावून खाली कोणी ऐकत नाही ना बघितलं आणि दार लावून घेतलं.

"मंदाताई, शपथ घ्या," ती म्हणाली. "मी सांगते ते वन्संना कळता कामा नये."

५

वकील शपथ घेत नाही, साक्षीदार घेतो. पण हे तिला सांगायची ती वेळ नव्हती. मी नुसती मान हलवली.

"मी तो ब्लाउजपीस पुढे दिला," दुर्गा म्हणाली.

"पुढे दिला म्हणजे?"

"म्हणजे पुढे दिला हो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. नणंदेने एवढ्या मायेने भरलेली ओटी, आणि मी ती जशीच्या तशी दुसरीच्या ओटीत घातली. वन्संना कळलं तर काय म्हणतील? पण मोरपंखी मला शोभत नाही, मंदाताई. आणि खरं सांगा, ओटीतला ब्लाउजपीस शिवतं कोण?"

"उघडून बघितला होतास?"

"उघडायचा कशाला? पिनेसकट दिला. उघडला की घडी बिघडते, मग देता येत नाही."

मी इतकी हसले की मेथी सांडली. दुर्गाला वाटलं मला काहीतरी झालंय, ती पाणी घेऊन आली. अहो, माझ्या कपाटातही ती पिशवी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात आहे. त्यातले ब्लाउजपीस येतात, मुक्काम करतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला निघून जातात. कात्री त्यांच्या नशिबात नसते. आणि सुलोचनाने तीन लाखांचा कागद त्या यात्रेला लावून दिला होता.

"कोणाला दिलास ते आठवतंय?"

"शांताताईंना. समोरच राहतात."

शांताताई या दुर्गाच्या शेजारीण आणि सुलोचनाच्या भजनी मंडळातल्या. मी रस्ता ओलांडून गेले. माझ्या मनात एवढंच होतं की तो कागद सापडला पाहिजे, आणि न उघडलेला सापडला पाहिजे. सुलोचनाने स्वतः मारलेली पिन शाबूत असेल तरच ती मानेल की उमाजीच्या घरी तो कोणी वाचलाच नाही. नाहीतर मी रुपयाच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी तिच्या मनात काटा राहणार, आणि मी तिला चांगली ओळखत असल्यामुळे तो काटा मला माहीत होता.

"मोरपंखी?" शांताताई म्हणाल्या. "पिन मारलेला? हो, चांगला होता. मला ठेवून घ्यायचा मोह झाला होता, पण माझ्याकडे मोरपंखी साडी नाही. दिला मी चैत्रगौरीला."

"उघडला होतात?"

"काहीतरीच काय."

"कोणाला दिलात?"

"आता कोणाला म्हणजे," शांताताई म्हणाल्या, "तुमच्या सुलोचनाबाईंनाच की. त्यांच्याकडून कधी हलकी वस्तू येत नाही. म्हटलं, त्यांना जरा बरा द्यावा."

६

रविवारी संध्याकाळी मी उमाजीला आणि दुर्गाला घेऊन सुलोचनाच्या घरी गेले. सुलोचनाने भावाकडे पाहिलं नाही. उमाजी नेहमीसारखा जमिनीवर बसला, तरी ती खिडकीकडेच बघत होती. दुर्गा दाराजवळ उभी राहिली.

"सुलोचना, तुझी ब्लाउजपिसांची पिशवी आण," मी म्हटलं.

"आत्ता? तू काय सांगणार होतीस, आणि हे काय काढलंस?"

"आण."

तिने कपाटातून पिशवी काढली आणि मी ती पलंगावर उलटी केली. जांभळे, पोपटी, चिंतामणी, सगळे पिशव्यांतले, सगळे न उघडलेले. तळाजवळ मोरपंखी निघाला. पिशवीच्या तोंडाला पिन.

"ही पिन कोणाची?"

सुलोचनाने हातात घेऊन पाहिली. "माझी," ती हळूच म्हणाली. "मी आडवी मारते. दुकानवाले उभी मारतात."

"उघड."

तिने पिन काढली, घडी मोडली, आणि माझ्या अक्षरातला कागद तिच्या मांडीवर पडला. रेव्हेन्यू स्टॅम्प कोरा होता.

मग मी सगळं सांगितलं. एक रुपया कसा गेला, उमाजीने त्याचा काय अर्थ लावला, आणि कागद दुर्गाकडून शांताताईंकडे आणि शांताताईंकडून परत हिच्याच कपाटात कसा आला. कागद दडवल्याचा सगळ्यांत जास्त पुरावा जिच्याविरुद्ध होता, ती सुलोचना स्वतःच पलंगावर बसली होती.

"माझी ओटी पुढे दिलीस, दुर्गा?" सुलोचना म्हणाली.

"दिली, वन्सं. चुकलं. पण शांताताईंची तुम्ही तरी कुठे उघडलीत?"

आधी मी हसले, मग दुर्गा, मग सुलोचनाही हसली. उमाजी हसला नाही. तो कागद वाचत होता.

"म्हणजे तो आहेर नव्हता," तो म्हणाला.

"असू दे, आहेरच समज," सुलोचना घाईने म्हणाली. "राहू दे रे. मी बांगड्या..."

"काही राहू दे नाही," मी म्हटलं. "पुन्हा तेच सुरू करू नका. त्याने उसने मागितले, तू उसने दिलेस. सही होऊ दे."

"मला पेन द्या, मंदाताई," उमाजी म्हणाला. "मी काय भिकारी आहे? दीड लाख उद्याच देतो, सीझनचा अॅडव्हान्स आलाय. बाकीचे दर महिन्याला. तारखा लिहा, व्याज लिहा, सगळं लिहा." त्याने स्टॅम्पवर सही केली, त्याखाली आजची तारीख घातली.

सुलोचनाला ते बघवलं नाही. "उमाजी," ती म्हणाली, "मी तुला चोर म्हटलं. मंदाला विचार. तिच्या दारात जाऊन म्हटलं."

हे बोलू नकोस असं मी तिला बजावलं होतं. पण ती तशीच आहे. उमाजीने मिशीवरून हात फिरवला.

"दुसऱ्या कोणाला म्हणालात?"

"नाही."

"मग चालेल. मंदाताई वकील आहेत, त्यांना सगळेच चोर वाटतात." मग त्याने विचारलं, "पण आत्ताच पैशांची गरज का पडली, आक्कासाहेब? तुम्ही मागणाऱ्यातल्या नाही."

सुलोचनाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"उद्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली.

उमाजी उभा राहिला. तो इतका मोठा माणूस आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. बहिणीसमोर आवाज चढवलेला मी त्याला पहिल्यांदा ऐकला.

"चोर म्हणालात, ते मी विसरून जाईन. पण मला न सांगता एकट्या ऑपरेशनला निघाला होतात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

सुलोचना रडायला लागली. दुर्गाने तिला जवळ घेतलं, आणि तिघांचं एकदम बोलणं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

सोमवारी सकाळी इस्पितळात तरुण गाडी घेऊन आला होता, हेमांगी झाशीहून आली होती, दुर्गाने सगळ्यांना पुरेल एवढा डबा आणला होता. नर्सने फॉर्म आणला आणि 'पेशंट के साथ कौन है' असं विचारलं. ही सही माझी, असं आमचं आधीच ठरलं होतं, म्हणून मी पर्समधून पेन काढलं. उमाजीने ते माझ्या हातातून काढून घेतलं.